बेकनला धावदोरा

चि. धाकटीला तिच्या थोरल्या बहिणीकडून पोटभर आशीर्वाद. (थोरली म्हणजे मी. आपण दोघीच बहिणी, तेव्हा घोटाळ्याला तशी जागा नाही; पण तुझं काय सांगावं, सांगून ठेवलेलं बरं.)

तुझं पत्र पोचलं. म्हणजे पाकीट पोचलं. पत्ता होता, तिकीट होतं, तुझ्या पद्धतीने ते उलटं चिकटवलेलं होतं, डिंक तर सगळीकडे होता. फक्त पत्र आत घालायचं तेवढं तू विसरलीस. तुझ्या भाच्याने पाकीट झटकून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, मावशीकडे सगळं क्षेम दिसतंय." मी मात्र रुसले नाही. माझी अक्षरांशी ओळख नाही, मला कोरा कागद काय नि भरलेला काय, सारखाच. मी पाकिटाचा वास घेतला, तुझ्या घरातल्या साबणाचा नि मांजराचा वास आला, आणि नेहमीइतकंच सगळं कळलं.

तर तुझे गुडघे कसे आहेत, खोकला थांबला का, मांजराला अजून रोज वेगळ्या नावाने हाक मारतेस का, ते पुढच्या पत्रात कळव. माझी तब्येत उत्तम. डोळ्यांपुढे थोडं दुधाळ दिसतं, पण बघण्यासारखं जे होतं ते मी बघून ठेवलंय, आता जग जरा सावकाश दिसलं तरी चालेल. हे पत्र तुझा भाचा लिहितोय. पूर्वी नात लिहायची, ती शिकायला वसतिगृहात गेली. तिचं अक्षर म्हणे मोत्यांसारखं होतं. याचं दातांसारखं आहे. दिवसभर लोकांच्या कवळ्या करतो ना, त्यामुळे (लिही रे, खरं आहे ते लिही) शब्दसुद्धा घासतो, बसवतो, पुन्हा काढून बघतो. याचं एक वाक्य पुरं होईतो मला डुलकी लागून जाग येते. म्हणून मधेच काही स्वप्नातलं आलं तर तू ते वेगळं काढून ठेव.

आता झालं ते सांगते. तुला आठवत असेल (नसेल), सूनबाई इतकी वर्षं रुग्णालयाच्या धुलाईघरात रात्रपाळीला जात होती. हा उठायचा तेव्हा ती झोपायची, ही निघायची तेव्हा तो यायचा. दोघांचा संसार म्हणजे दारात किल्ली देणं आणि घेणं. दिवसा ती मधल्या खोलीत काळा पडदा ओढून झोपायची आणि मी घरभर चवड्यांवर चालायची. पातेलं ठेवायचं तर खाली फडकं, शिंक आली तर उशीत, आणि शेजारीण गप्पांना आली तर आम्ही दोघी नुसत्या हातवारे करून लोकांची उणीदुणी काढायचो. (ते जमतं. बोलण्यापेक्षा जास्त मजा येते.) अशात आमच्या रस्त्याच्या टोकाला जी हवामानाची कचेरी आहे, काचेच्या गोल माडीची, तिथल्या कँटीनचा आचारी पाठदुखीने काम सोडून गेला. त्या कचेरीत माणसं दिवसभर ढगांकडे बघत बसतात आणि त्याला नोकरी म्हणतात. अशी नोकरी मला कुणी दिली असती तर मी एव्हाना मोठी साहेबीण झाले असते. तर तिथल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं की वर्षअखेरच्या सुट्ट्या लागण्याआधीची पार्टी जिला हवी तिने करून दाखवावी; खाणं पसंत पडलं तर नव्या वर्षापासून कँटीन तिचं. दिवसाचं काम, रात्री आपल्या अंथरुणात झोप. सूनबाईला ते इतकं हवं होतं की ती त्याचं नाव घेत नव्हती. "ते झालं तर," एवढं म्हणायची आणि उरलेलं वाक्य भांड्याबरोबर घासून टाकायची.

पदार्थ तिने निवडला तो बेकनमध्ये गुंडाळलेला खजूर. तुझं तोंड मला इथून दिसतंय. ऐक. बेकन म्हणजे डुकराच्या मांसाची मिठात मुरवून धुरावर धरलेली पातळ पट्टी, साडीच्या काठासारखी, एक रेघ तांबडी, एक रेघ पांढरी. खजुराची बी काढायची, आत चीजचा तुकडा भरायचा, आणि वरून ही पट्टी बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी गुंडाळायची. मग ओव्हनमध्ये. चरबी वितळते, खजूर मऊ होतो, पट्टी कुरकुरीत होते, आणि आतलं चीज कुणी झोपेत उसासा टाकावा तसं हळूच बाहेर येतं. उभ्याने, एका हातात पेला धरून, दुसऱ्या हाताने एका घासात खायचं. पार्टीतल्या लोकांना म्हणे बसायची सोय नसते. सरावासाठी ती रोज थोडे करून बघत होती, आणि घरात असा काही वास भरून राहिला होता, गोड, खारट, थोडा शेकोटीचा, की मला दुपारी डोळे उघडे ठेवणं कठीण झालं. मी ओव्हनच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसायची. आत पिवळा दिवा, त्यात ती बाळं हळूहळू तांबूस होताहेत, चरबी बारीक आवाजात काहीतरी गुणगुणतेय. माणसं समुद्राकाठी जातात म्हणे. कशाला जातात कोण जाणे.

एकच अडचण होती. ही पट्टी गुंडाळली तरी ओव्हनमध्ये उलगडते, म्हणून तिला टूथपिक टोचून ठेवावी लागते. आणि आमच्या घरात टूथपिक मिळणार नाही. तुझा भाचा टूथपिकला हिरड्यांची वैरीण समजतो. (आता लिहिताना मान हलवतोय बघ. तुला दिसत नाही, पण हलवतोय.) सरावाच्या वेळी सूनबाई शेजारणीकडून दोन-चार काड्या पदराआड लपवून आणायची, नवऱ्याच्या घरात चोरटा माल आणावा तशी. पार्टीच्या दिवशी भरपूर हव्या होत्या, तर शेजारीण गावाला, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार सुट्टीआधीच सुट्टीवर. सूनबाई रिकाम्या हाताने परत आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, गुंडाळून ठेवलेल्या त्या बाळांकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं. आता सगळी उघडी पडणार." मी म्हटलं, तू जाऊन केस धू, धुलाईघराच्या साबणाचा वास घेऊन पार्टीला जाऊ नकोस. हे मी बघते.

आणि बघितलं. गादी कारखान्यात माझी अर्धी हयात गेली, तिथे मी काय काय बंद करून ठेवलंय! जो कापूस वाऱ्यावर उडायला बघतो त्याला जन्मभर एका जागी बसवलेली मी बाई, मला खजुराचं काय? जाड सुती दोरा पाण्यात भिजवून घेतला, म्हणजे ओव्हनमध्ये जळायला नको, आणि एकेका बाळाच्या पाठीत बारीक टाका घालत सुटले. खिडकीबाहेर धुकं उतरत होतं, समोरची भिंत दिसेनाशी झाली, मग झाड, मग आमचीच खिडकी. हातात मऊ, गार, थोडं चिकट काहीतरी, सुई आत, सुई बाहेर. मधेच मला वाटलं मी कारखान्यातच आहे, उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगताहेत आणि पलीकडच्या बाया काहीतरी म्हणताहेत, पण ओठ हलतात तेवढेच दिसतंय. हाताला जी सवय होती ते हात करत गेला. आमच्या कारखान्यात नियम होता: दोरा मधे तोडायचा नाही. गादी पुरी शिवून झाली की मुकादमीणबाई येणार, दोऱ्याचं टोक ओढून बघणार, टाके धरलेत अशी खात्री झाली की मगच कात्री लागणार. तपासणीआधी जिने दोरा तोडला तिला सगळं उसवून पुन्हा शिवावं लागे. म्हणून मी एका ट्रेला एक असा सलग दोरा चालवला. एका खजुरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मधे थोडी ढील सोडून, ती ढील खाली दडवून. वरून पाहशील तर काही कळायचं नाही. सुरेख काम झालं होतं, मीच म्हणते.

सूनबाई आली, ट्रे भाजून निघाले होते, एकही पट्टी सुटली नव्हती. तिने विचारलं, आई, काड्यांशिवाय कशा राहिल्या हो? मी म्हटलं, हाताला सवय आहे. माझी अशी समजूत की आता ती टोक ओढून बघेल. ती काय ओढते! तिने माझा गालगुच्चा घेतला (सासूचा!), ट्रेवर चमकता कागद घातला आणि निघालीसुद्धा. तेव्हा मी ठरवलं की मुकादमीण आपणच व्हायचं. कात्री पिशवीत टाकली. तिथे पोचल्यावर, लोक यायच्या आत, कागदाखाली हात घालून हळूच दोरे कापून टाकीन, कोणाला पत्ता लागणार नाही. योजना चांगली होती. योजनेत खुर्ची नव्हती.

धुक्यातून आम्ही निघालो. पुढे सूनबाई, मागे ट्रे सांभाळत तुझा भाचा, त्याच्या मागे मी, आणि वासामुळे रस्त्यावरची सगळी कुत्री, दिसत नव्हती पण येत होती. कचेरीच्या दारावरच्या पाटीवर म्हणे लिहिलं होतं, आज संध्याकाळी आकाश निरभ्र. गोल माडीवर सगळीकडे काच आणि काचेबाहेर पांढरं. एखाद्या दुधाच्या बाटलीत बसल्यासारखं वाटत होतं. माणसं मात्र फार सभ्य. प्रत्येकाचं टेबल वेगळ्या खिडकीकडे तोंड करून, त्यामुळे एकमेकांशी बोलायची सवय मोडलेली; एकत्र उभी होती ती लग्नाच्या फोटोत उभी करावी तशी. कोणीतरी मला म्हणालं, आजी, इथे बसा. ती मोठ्या साहेबांची खुर्ची होती. धाकटे, मी आयुष्यभर गाद्या शिवल्या, पण अशी खुर्ची पाहिली नाही. बसले आणि खाली जातच राहिले. कुठेतरी वाद्य वाजत होतं, सावकाश. कात्री पिशवीत होती, पिशवी मांडीवर होती, मांडी कुठे होती ते आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा दृश्य असं. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी एक खजूर उचलला होता. त्याच्या मागून दुसरा आला होता. तो घसरू नये म्हणून पावसाची नोंद ठेवणाऱ्याने झेलला आणि खाल्ला. तिसरा वाऱ्याचा वेग मोजणारी कोणी मुलगी होती तिने, चौथा आणखी कोणी. कोणालाही दोरा तोडायचं सुचत नव्हतं, आणि तोंडातलं टाकवत नव्हतं, कारण (हे मी नाही, ते लोकच नंतर म्हणाले) असलं चवदार काही त्यांनी त्या इमारतीत कधी खाल्लं नव्हतं. म्हणून एक हलला की बाकीचे हलत. एकाला पेला ठेवायचा होता, तर सगळी रांग टेबलाकडे तरंगत गेली. दुसऱ्याला खिडकी बंद करायची होती, तर तरंगत परत आली. वाद्य सुरू, बाहेर धुकं, आणि ही माणसं ओठांत दोरा धरून गोल खोलीत सावकाश फिरताहेत, जराही घाई नाही. मला वाटलं, किती छान स्वप्न पडलंय. स्वप्नात कात्री कशाला काढा? मी पाय पसरून बघत राहिले.

मग माझी नजर सूनबाईवर गेली. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात ट्रेवरचा चुरगळलेला कागद, चेहरा त्याच कागदासारखा. आणि मला झटक्यात जाग आली, कारण माझ्या स्वप्नांत सूनबाई नेहमी झोपलेली असते. मी खुर्चीतून निघायला लागले. (निघणं सोपं नव्हतं. एका बाजूने ढकललं की दुसऱ्या बाजूने खुर्ची घेत होती.) तोवर मोठे साहेब तिथे आले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, आणि कोणी कधी जेवताना न पाहिलेले. दुपारचा डबा ते दार बंद करून खातात असं तिथे सगळ्यांना ठाऊक. रांगेतला शेवटचा खजूर शिल्लक होता. साहेबांनी तो उचलला, क्षणभर विचार केला आणि तोंडात घातला. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला टेलिफोनवाल्या बाईंना शिंक आली.

साहेबांची वरची कवळी बाहेर आली. दोरा तिच्या दोन दातांच्या मधे अडकला होता, त्यामुळे पडली नाही. साहेब आणि रांगेतला त्यांच्या अलीकडचा माणूस यांच्या मधे, दोऱ्यावर, हळूहळू झोके घेत राहिली. वाद्य थांबलं. दिव्याचा उजेड तिच्यावर पडला होता आणि मागे सगळं पांढरं. चंद्र ढगातून असाच निघतो, पण त्याला हिरड्या नसतात. त्या शांततेत माझ्या कानाशी कोणीतरी, मन भरून आल्यासारखं, म्हणालं, "वरची आहे. माझीच आहे." तुझा भाचा! स्वतःचं काम त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओळखलं होतं. (आता लिहिताना पुन्हा म्हणतोय की काम चांगलंच होतं, शिंक जोरात होती.)

मी पोचले, कात्री काढली आणि कवळीच्या अलीकडे नि पलीकडे दोरा कापला. आयुष्यात पहिल्यांदा तपासणीआधी. तुला म्हणून सांगते. कवळी साहेबांच्या हातात दिली. आणि मग त्या सगळ्या लोकांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही: सगळ्यांनी एकदम खिडक्यांकडे तोंडं केली आणि धुक्याचा अभ्यास सुरू केला. अगदी मन लावून. कोणी म्हणालं दाट आहे. कोणी म्हणालं, हो, दाट आहे. साहेबांचं होईतो कोणी वळलं नाही.

साहेब वळले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे शिवलं कुणी?" मी तोंड उघडलं, तर सूनबाई पुढे. म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातून आलंय, तेव्हा मीच." मी म्हटलं, साहेब, खोटं बोलतेय, हिला साधं बटण लावता येत नाही. ती मला म्हणाली, आई, तुम्ही बसा हो खुर्चीत. मी म्हटलं, त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही, तिथून माणूस परत येत नाही. आमचं असं बराच वेळ चाललं असतं, पण साहेब एकदम खाली बसले, ट्रेच्या शेजारी, आणि हसायला लागले. जबड्यावर हात ठेवून, जपून. म्हणाले, या एका गोष्टीच्या भीतीने मी कुणासमोर जेवत नाही, आणि ती तर होऊन गेली, सगळ्यांनी पाहिली, आता कशाला भ्यायचं? आणखी आहेत का हो यातले? दोन ट्रे तसेच होते. मी टोक ओढून बघितलं, टाके पक्के होते, कात्री चालवली. साहेब सगळ्यांच्या मधे बसून खात राहिले, आणि बाकीचेही, खिडक्यांकडे पाठ करून. निघताना सूनबाईला म्हणाले, नव्या वर्षापासून दुपारी मीही कँटीनमध्येच बसेन, तेव्हा काही मऊ करत जा. आणि तुझ्या भाच्याला म्हणाले, तुम्ही एकदा येऊन जा. परतताना धुक्यातून सूनबाईच पुढे होती. आमच्या दाराशी आली, किल्ली काढली, तुझ्या भाच्याच्या हातात द्यायला हात पुढे केला आणि थांबली. मग स्वतःच कुलूप उघडलं, आणि दोघं बरोबर आत गेली.

तर आता सगळं छान चाललंय. सूनबाई सकाळी कँटीनला जाते, अंधार पडल्यावर येते, रात्री झोपते. इतक्या वर्षांनी तिला कळलं की नवरा घोरतो. (लिही. लिही म्हणते ना.) काळा पडदा निघाला, मधल्या खोलीत ऊन येतं. दिवसभर घर माझं एकटीचं. हवी तेवढी भांडी आपटावीत, हवं तेवढ्या मोठ्याने शिंकावं. मला कशाची म्हणून उणीव नाही. तुला इकडे येण्याचा त्रास मी कधी देणार नाही, तुझे गुडघे बघता.

कळावे, म्हणजे लक्षात ठेवावे. हा खालचा ठसा माझ्याच अंगठ्याचा आहे, शाई जास्त लागली.

तुझी ताई

ता. क. फक्त सुई ओवायला कोणी दिवसाउजेडी घरात असतं तर बरं झालं असतं. सहज सांगितलं.

ता. क. मावशी, आई पाणी प्यायला आत गेली आहे तेवढ्यात लिहितो. ती अजून चवड्यांवरच चालते. मधल्या खोलीत कोणी नसतं तरी. काल मी दुपारी लवकर आलो तर पातेल्याखाली फडकं घालून, ओट्याशी नुसती उभी होती. मी हाक मारली तर ओठांवर बोट ठेवलं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. तुम्ही थोडे दिवस याल का? भांडायला कोणीतरी तिला हवं आहे. आम्ही दोघं संध्याकाळी फार दमलेले असतो.

ता. क. मी पाणी पिऊन आले तोवर याने बरंच काही खरडलंय. मला वाचता येत नसलं तरी कागद किती भरला ते दिसतं. काय लिहिलं विचारलं तर म्हणतो, मावशीच्या मांजराला आशीर्वाद. मांजराला एवढे आशीर्वाद कोणी देत नाही. तेव्हा त्याने जे काही लिहिलं असेल ते अर्धं खरं धर. कोणतं अर्धं, ते तू इथे येऊन ठरव. आता एक शेवटचं, आणि हे मात्र बोटाला दोरा बांधून लक्षात ठेव: तुझ्या माळ्यावर पेंढ्यात ठेवलेल्या नाशपाती असतील त्यातल्या थोड्या पाठव. पिकलेल्या नकोत, दगडासारख्या कच्च्या पाठव. मी त्या मधल्या खोलीच्या खिडकीत उन्हात मांडीन आणि रोज एकेक दाबून बघीन. पहिली मऊ झाली की मी ती कापणार, तेव्हा सुरीच्या पलीकडे तू बसलेली पाहिजेस.